ब्राँक्सच्या बागेतल्या छोट्या आगगाड्या: जाणार असाल तर काय बघाल?

शेवंता

नोव्हेंबर लागला की न्यू जर्सीतल्या मराठी घरांत एकच चर्चा सुरू होते. आईबाबा सहा महिन्यांसाठी आलेत, लिबर्टीचा पुतळा बघून झाला, नायगारा उरकला, आता या थंडीत त्यांना न्यायचं कुठे? मॉलमध्ये नेलं तर बाबा बाकावर बसून राहतात आणि आई प्रत्येक किमतीला डॉलरचा भाव लावून गुणाकार करते. त्यात नातवंडंही बरोबर. दोन्ही टोकांना एकदम आवडेल असं ठिकाण सहज सापडत नाही, म्हणून हा धागा काढतेय.

ब्राँक्समध्ये न्यूयॉर्क बोटॅनिकल गार्डन आहे. १८९१ साली स्थापन झालेली, अडीचशे एकरांची बाग. तिथल्या काचघरात दर हिवाळ्यात, साधारण नोव्हेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत, छोट्या आगगाड्यांचं प्रदर्शन असतं. हॉलिडे ट्रेन शो म्हणतात त्याला. १९९२ पासून चालू आहे. जवळजवळ अर्धा मैल रूळ, त्यावर वाफेची इंजिनं, मालगाड्या, ट्रामगाड्या, आणि रुळांच्या दोन्ही बाजूंना न्यूयॉर्कमधल्या पावणेदोनशेहून जास्त इमारती आणि पूल.

गंमत आहे ती या इमारतींत. ब्रुकलिन ब्रिज, ग्रँड सेंट्रल स्टेशन, जुनं यांकी स्टेडियम, एलिस आयलंड, सगळं झाडांपासून केलेलं. म्हणजे नुसतं लाकडापासून नव्हे. साल, काटक्या, बिया, शेंगा, पानं, शंकू, भोपळ्याची कवचं, वेलीचे ताणे, वाळलेली फळं. मुलं गाड्यांमागे पळत असतात तेव्हा तुम्ही एका जागी उभं राहून एकच घर नीट बघा. मी एका जुन्या हवेलीपुढे बराच वेळ अडकले होते. छपराची कौलं म्हणजे पाइनच्या शंकूचे सुटे केलेले खवले, माशाच्या अंगावर असतात तसे, प्रत्येक खवला खालच्याला अर्धा झाकून. खांब दालचिनीचे, सालीच्या सुरळीची घडी समोरून दिसते. खांबाच्या माथ्यावर ओकच्या फळाची टोपी उलटी बसवलेली. गॅलरीचा कठडा द्राक्षवेलीच्या ताण्यांचा, त्यामुळे बिडाच्या कठड्याला असतात तशी वेटोळी आयतीच मिळालेली. खिडक्यांना काचेऐवजी पिवळसर रेझिन आणि आत दिवा. संध्याकाळी सगळ्या खिडक्या मधाच्या रंगाच्या होतात.

हे काम पॉल बुसी यांनी सुरू केलं. मूळचे लँडस्केप आर्किटेक्ट. १९९१ मध्ये त्यांनी केंटकीतल्या अलेक्झांड्रिया गावात 'अप्लाइड इमॅजिनेशन' ही कंपनी काढली. पुढे त्यांच्या मुलीने, लॉरा बुसी डोलन यांनी, ती हातात घेतली. आतला सांगाडा फोमच्या किंवा प्लायच्या फळ्यांचा असतो, त्यावर हे सगळं चिकटवतात आणि कुजू नये म्हणून वरून युरेथेनचा थर देतात.

कोणी जाऊन आलं असेल तर भर घाला. गाड्यांमधलं मला काही कळत नाही, तेव्हा जाणकारांनी बोलावं.

---

मंदार_एडिसनवाले

मस्त! वाखुसा (वाचनखूण साठवली). आईबाबा डिसेंबरात येतायत. गाडीने जावं की ट्रेनने?

---

रूळावरचा

जाणकार म्हणून बोलावल्यासारखं वाटलं, म्हणून आलो. :)

तिथल्या गाड्या जी स्केलच्या आहेत, म्हणजे मॉडेल गाड्यांचं एक ठरलेलं मोठं माप. रुळांमधलं अंतर ४५ मिमी. हा आकडा आला कुठून, तर जर्मनीतल्या न्यूरेंबर्गच्या लेहमान कंपनीने १९६८ मध्ये एलजीबी नावाने बागेत चालवायच्या गाड्या काढल्या. त्यांचं प्रमाण १:२२.५. आता एक मीटरला साडेबावीसने भागा, ४४.४ मिमी येतं. म्हणजे हा मूळचा मीटरगेज! आपल्याकडे १९७१ पर्यंत पुणे-मिरज ज्या गेजवर धावत होती तोच. पुढे अमेरिकन कंपन्यांनी त्याच ४५ मिमी रुळांवर आपली स्टँडर्ड गेजची इंजिनं १:२९ किंवा १:३२ प्रमाणात चढवली. त्यामुळे शेजारशेजारच्या दोन रुळांवरच्या गाड्या मापाने जुळत नाहीत, आणि ते डोळ्याला खुपतं. निदान माझ्या तरी.

रूळ पितळी असतात. वीज रुळांतूनच चाकाला मिळते, चोवीस व्होल्टपर्यंतची डीसी. म्हणजे रूळ स्वच्छ हवा. काचघरात दमट हवा, वर झाडं, खाली माती. पान पडलं, पाणी ठिबकलं, चाकाखाली काजळी धरली की इंजिन आचके देतं आणि थांबतं. सकाळी दारं उघडायच्या आधी कोणीतरी फडकं घेऊन तेवढे रूळ पुसत असणार, हे लक्षात ठेवून बघा. इमारतींचं कौतुक सगळे करतात. अर्धा मैल पितळ लखलखीत ठेवणाऱ्याचं कोणी करत नाही.

आता तक्रार. गाड्या नुसत्या फिरतात. सिग्नल नाही, क्रॉसिंग नाही, शंटिंग नाही, एक गाडी दुसरीची वाट बघत नाही. रेल्वे म्हणजे वाट बघणं हो! ते बघायचं असेल तर पुण्यात कोथरूडला जोशींचं लघुरेल्वे संग्रहालय आहे, १९९८ पासून. भाऊ जोशींनी आयुष्य घातलं त्यात. एचओ स्केल, १:८७. सिग्नल पडतो, फाटक लागतं, मग गाडी हलते. तिथे झाडं खोटी आणि रेल्वे खरी आहे. ब्राँक्सला उलटं.

---

चिकट बोंड

फोटो आवडले असते, पण तिकिटाचं कोणीच बोलत नाहीये. चार माणसांचं कुटुंब म्हटलं की आकडा बराच मोठा होतो. गेल्या वर्षी आमच्या गावाजवळच्या एका बागेत (नाव नको) असंच 'आगगाड्यांचं प्रदर्शन' म्हणून गेलो. अर्ध्या गाड्या बंद, एक बोगद्यात अडकलेली, आणि पोरगा 'बाबा ती बाहेर कधी येणार' म्हणून बोगद्याच्या तोंडाशी मांडी घालून बसला. हलेना. तेव्हापासून या प्रकाराची धास्तीच आहे. इथे खरंच पैसे वसूल होतात का?

---

शेवंता

@रूळावरचा, मीटरगेजचं ठाऊकच नव्हतं. आता बाबांना सांगते, त्यांचं बालपण मिरजेतलं. पण तुमची तक्रार मला पटत नाही. तिथे गाडीचं काम माणसाला पुढे नेण्याचं आहे. गाडी नसती तर लोक एका इमारतीचा फोटो काढून सरळ बाहेर पडले असते. गाडी येते, आपली नजर तिच्यामागे जाते, आणि जिथे ती झाडीत शिरते तिथे एक घर असतं जे एरवी नजरेतून निसटलं असतं. वेळापत्रक सांभाळायला ती नाहीच तिथे.

@चिकट बोंड, तिकीट स्वस्त नाही हे खरं. वेळेचं तिकीट असतं, शनिवार-रविवार आणि नाताळची सुट्टी टाळलीत तर श्वास घ्यायला जागा मिळते. तान्हं मूल असेल तर बाबागाडीपेक्षा पाठीवरची झोळी बरी, आतल्या वाटा अरुंद आहेत. बोगद्यांचं म्हणाल तर मी होते तेव्हा आत गेलेल्या सगळ्या बाहेर आल्या!

@मंदार_एडिसनवाले, ट्रेनने जा. ग्रँड सेंट्रलवरून मेट्रो-नॉर्थची हार्लेम लाइन, 'बोटॅनिकल गार्डन' नावाचंच स्टेशन आहे. वीस-पंचवीस मिनिटं. उतरलं की समोर रस्त्यापलीकडे बागेचं मोशोलू गेट. लोकल गाडी घ्या, सगळ्या गाड्या तिथे थांबत नाहीत. एडिसनहून तुमची एनजे ट्रान्झिट पेन स्टेशनला येणार, तिथून ग्रँड सेंट्रलपर्यंत सबवे. आईबाबांना गर्दीत जिने चढवायचे नसतील तर तेवढ्यापुरती टॅक्सी करा.

---

पाडापाडी

लेख आवडला. एक गोष्ट सुटली म्हणून लिहितो.

मंदार एडिसनहून येऊन ज्या पेन स्टेशनला उतरेल ते जमिनीखालचं, बुटक्या छताचं, आलो कुठे आणि जायचं कुठे हे न कळणारं ठिकाण आहे. बागेत जे पेन स्टेशन मांडतात ते हे नव्हे. ते १९१० सालचं, मॅकिम, मीड अँड व्हाइट यांनी बांधलेलं, दगडी खांबांच्या रांगांचं. १९६३ मध्ये ते पाडायला घेतलं. त्यावरून इतका गहजब झाला की १९६५ मध्ये न्यूयॉर्कने जुन्या इमारती वाचवण्याचा कायदा केला. ग्रँड सेंट्रल त्या कायद्याच्या जोरावर वाचलं. त्याच्या डोक्यावर उत्तुंग मनोरा उभारायचा घाट होता, प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं आणि १९७८ मध्ये निकाल शहराच्या बाजूने लागला.

आणि हे प्रदर्शन ज्या काचघरात भरतं त्याचीही तीच कथा. एनिड हॉप्ट कॉन्झर्व्हेटरी, १९०२ मध्ये पूर्ण झालेलं. सत्तरच्या दशकात इतकं मोडकळीला आलं होतं की पाडून टाकायच्या गोष्टी चालल्या होत्या. एनिड हॉप्ट या बाईंनी स्वतःचे पैसे ओतले म्हणून ते आज उभं आहे.

तर आत शिरताना असं बघा. वाचलेल्या इमारतीत, वाचलेलं एक स्टेशन आणि पाडलेलं एक स्टेशन, दोन्ही सालीकाटक्यांची, आणि दोन्हींवरून तीच गाडी जाते. शेवंताताई, तुम्ही 'न्यूयॉर्कमधल्या इमारती' म्हणालात, पण त्यातल्या बऱ्याच आता न्यूयॉर्कमध्ये नाहीतच. जुनं यांकी स्टेडियमही पाडलं. कोनी आयलंडचं हत्तीच्या आकाराचं हॉटेल १८९६ साली जळून गेलं, तेही काही वर्षी मांडलं होतं. हत्तीच्या पोटात खोल्या!

---

मंदार_एडिसनवाले

हत्तीच्या पोटात खोल्या??? मुलाला हे आत्ताच वाचून दाखवलं. आता जाणं भाग आहे.

---

आजीबाई_बारामती

मी लेकीकडे आले होते तेव्हा जावईबापूंनी नेलं होतं, म्हणून लिहिते. टायपिंग हळू आहे, सांभाळून घ्या.

बाहेर बर्फ. नाकाचा शेंडा बधिर. काचघराचं दार उघडलं आणि चष्म्यावर एकदम वाफ. काही दिसेना. म्हटलं, आता पडतेय मी. जावईबापू म्हणाले आई, जरा थांबा, आपोआप जाईल. मग चष्मा निवळला तर समोर ही उंच उंच ताडामाडाची झाडं! घुमट म्हणे नव्वद फूट. मातीचा ओला वास आला आणि मला आमच्या मळ्यातल्या उसाला पाणी सोडल्यावरचा वास आठवला. खरं सांगते, गाड्या नंतर दिसल्या.

वरच्या पुलावरून एक गाडी डोक्यावरून जाते. पूल फांद्यांचा आहे, सालासकट. नातू खाली वाकून बघत होता आणि मी वर. लिबर्टीच्या पुतळ्याच्या अंगावरचं पातळ पामच्या पानाचं केलंय. निऱ्या अशा पडल्यात की मी लेकीला म्हटलं, बघ, तुझ्यापेक्षा बरी नेसलीय.

कामाचं सांगते. आत उकडतं, म्हणून वरचा कोट सहज काढता येईल असा घाला आणि हातात धरायची तयारी ठेवा. गुडघे दुखत असतील तर दुपारी जेवणाच्या वेळेला जा, गर्दी कमी वाटली. आणि प्रदर्शन झालं की लगेच बाहेर पडू नका, काचघराची बाकीची दालनं बघा. अकरा आहेत. वाळवंटाच्या दालनात निवडुंग आहेत, ते बघून आमचे हे म्हणाले, आपल्या माळावर फुकट आहेत. त्यांचं सोडा.

---

चिकट बोंड

आजी, 'त्यांचं सोडा' ला लोळलो. पुलेशु (पुढील लेखनाला शुभेच्छा). लिहीत राहा.

---

पोफळी

रत्नागिरीतून वाचतेय. तिकडे यायचा योग काही नाही, पण हे काम इथे कोणी का करत नाही हा किडा डोक्यात शिरलाय. आमच्या परसात जे पडतं त्यात मुंबईचं सीएसएमटी उभं राहील! रात्री झोप येईना म्हणून मनात बांधायलाच घेतलं.

घुमट: करवंटी. एकच मोठी, घासून गुळगुळीत केलेली, आणि त्यावरच्या कण्यांना माडाच्या झावळीचे हीर.
भिंती: पोफळीची विरी, म्हणजे झावळीच्या बुडाचं रुंद आवरण. भिजवली की हवी तशी वळते, वाळली की दगडासारखी. रंगही फिकट पिवळा, त्या इमारतीच्या दगडाच्या जवळ जाणारा.
खिडक्यांच्या कमानी: चिंचेची शेंग. वाक आयता आहे.
कोरीव नक्षी: जायपत्री. लाल जाळी वाळली की कातल्यासारखी होते.
फरशी: चिंचोके फोडून, अर्धा काळा अर्धा पांढरा.
फलाटावरचं छप्पर: माडाच्या झावळीच्या बुडाशी जे जाळीदार कापड असतं ते.
सिग्नल: गुंजा! लाल आणि वर काळा ठिपका, याहून सुंदर सिग्नलचा दिवा कोणता?

रूळावरचा यांना सिग्नल हवे होते ना, हे घ्या.

---

रूळावरचा

@पोफळी, दंडवत. माझी तक्रार मागे नाही घेत, पण तुमच्या सिग्नलला गाडी थांबवीन.

---

डॉ. बोरकूट

पोफळीताई, कल्पना अफलातून. फक्त गुंजा मुलांच्या हाताला लागणार नाहीत अशा उंचीवर लावा. बी विषारी आहे, अखंड गिळली तर बरेचदा तशीच बाहेर पडते, पण चावली किंवा भोक पाडलेली असली तर फार धोक्याची. आणि ओवायला भोकं पाडणार असाल तर तो विचार सोडा, गोंदाने चिकटवा.

दुसरं म्हणजे आपली हवा. अमेरिकेतलं प्रदर्शन हिवाळ्यात दोन महिने चालतं आणि मग इमारती कोरड्या जागी जातात. कोकणातल्या पावसाळ्यात विरीला बुरशी येईल, चिंचोक्यात भुंगे होतील, फळीला वाळवी. आधी सगळं कडक उन्हात वाळवा, बिया आठवडाभर फ्रीझरमध्ये ठेवा म्हणजे आतली अंडी मरतात, मगच चिकटवा. वरून पॉलिश दोन हात. कापराच्या वड्या टाकून पेटीत ठेवा.

---

पोफळी

डॉक्टर, फ्रीझरचं माहीत नव्हतं. सासूबाईंच्या फ्रीझरमध्ये आंब्याच्या रसाच्या शेजारी चिंचोके ठेवायचे म्हणजे आधी त्यांची परवानगी काढते.

---

पोटोमॅक

वॉशिंग्टनवाल्यांसाठी: संसद भवनाच्या पायथ्याशी यूएस बोटॅनिक गार्डन आहे, तिथेही हिवाळ्यात असंच असतं आणि प्रवेश फुकट. चिकट बोंड, ऐकताय ना? कॅपिटल, लिंकन मेमोरियल वगैरे राजधानीच्या इमारती त्याच केंटकीच्या लोकांनी झाडपाल्याच्या केल्यात. ब्राँक्सच्या मानाने आटोपशीर. कोविडनंतर काही वर्षं गाड्या काचघराबाहेर मांडल्या होत्या, तेव्हा निघण्याआधी यंदा कुठे आहेत ते बघून घ्या. बाहेर असल्या तर कानटोपी हवी. रांग लागते, फुकट म्हटल्यावर लागणारच.

---

विसाहिकॉन

आणि फिलाडेल्फियाला मॉरिस आर्बोरेटम. तिथली बागेतली रेल्वे १९९८ पासून, मांडणी बुसी यांचीच. सुमारे एक तृतीयांश मैल रूळ, आणि मुख्य म्हणजे उन्हाळ्यात उघड्यावर. थंडीत माणसं न्यायची नसतील तर हे बरं. खऱ्या फुलझाडांतून गाडी जाते, पाऊस पडतो, खारी रूळ ओलांडतात. आमच्या डोळ्यांदेखत एक खार रुळावर बसून काहीतरी कुरतडत होती आणि मालगाडी आली. खार उठली, गाडी गेली, खार परत बसली. रूळावरचा, हे घ्या तुमचं क्रॉसिंग.

---

रूळावरचा

हे मात्र खरं चालन. पावसात, पाल्यापाचोळ्यात गाडी चालवणं काचघरापेक्षा कैक पटींनी अवघड. मॉरिसला जाईन.

---

मंदार_एडिसनवाले

जाऊन आलो! आईबाबा, मी, बायको, पोरगा. मंगळवार गाठला, गर्दी बेताची.

बाबा रेल्वेतून निवृत्त झालेत, सोलापूर विभागात होते. मला वाटलं होतं त्यांना हे पोरखेळ वाटेल. आत शिरल्या शिरल्या ते एका वळणावर उभे राहिले ते हलेनात. विचारलं काय बघताय, तर म्हणाले, बाहेरचा रूळ जरा उचललाय बघ, नाहीतर एवढ्या वेगात डबा बाहेर गेला असता. मग नातवाला खाली बसवून बोट लावून दाखवलं. पुढचा तासभर त्यांनी इमारत एकही बघितली नाही.

आईने इमारती बघितल्या. तिचं म्हणणं, दालचिनी इतकी वापरलीय तर वास का येत नाही? वरच्या थरामुळे असणार, असं मी म्हटलं. तिला पटलं नाही, ती जवळ जाऊन हुंगत होती.

हत्तीचं हॉटेल मला तरी दिसलं नाही. पोरगा रुसला. बाहेर पडल्यावर आर्थर अॅव्हेन्यूला गेलो, इटालियन दुकानं आहेत, ताजं चीज आणि कनोली नावाची मिठाई. रुसवा निघाला. बागेपासून फार लांब नाही, पण थंडीत म्हाताऱ्यांना चालवू नका.

---

शेवंता

@मंदार, बाबांना माझा नमस्कार सांग. रूळ उचललेला असतो हे आता बघायला परत जावं लागणार. दालचिनीचा प्रश्न मलाही पडला होता, मी हुंगायची हिंमत केली नाही!

---

पोफळी

अपडेट: सासूबाईंनी परवानगी दिली, अट एकच, पुढच्या गणपतीच्या आराशीत ते स्टेशन लागलं पाहिजे. मुलगा म्हणतो आई, गाडी चालती हवी. आता रूळावरचा, तुम्हीच सांगा, कुठलं माप धरू? ते साडेबावीसवालं घेतलं तर सीएसएमटी पडवीभर होईल.

---

रूळावरचा

एचओ घ्या, १:८७. मखराला तेच परवडेल. हिशोब सांगतो. आपला जुना आयसीएफ डबा सुमारे २१.३ मीटर लांब, म्हणजे प्रतिकृतीत साडेचोवीस सेंटिमीटर. इंजिन आणि पाच डबे धरले तरी दीड मीटरच्या आसपास गाडी झाली. फलाट त्याहून थोडा मोठा.

एक मेख आहे. आपला ब्रॉडगेज १६७६ मिमी, त्याला ८७ ने भागलं तर १९ मिमीच्या वर जातो. बाजारात एचओचा रूळ मिळतो तो १६.५ चा, बाहेरच्या स्टँडर्ड गेजचा. भारतातले बहुतेक हौशी लोक याच रुळावर आपले डबे चालवतात आणि तिकडे काणाडोळा करतात. तुम्हीही करा. वळण मात्र ऐसपैस ठेवा, लांब डबे अरुंद वळणावर एकमेकांना घासतात. आणि सिग्नल फलाटाच्या टोकाला, गाडी सुटण्याच्या बाजूला. गुंज एकच लाल रंग देते, हिरव्याला काय लावणार तेही ठरवा.

मखर केवढं आहे? लांबीरुंदी कळवा, मग रुळाचा नकाशा काढून देतो.

---

पोफळी

लांबी सहा फूट, खोली अडीच. हिरव्याला वाटाणा चालेल का?

---

डॉ. बोरकूट

आधी फ्रीझरमध्ये.